गोव्याच्या रानातील शैवाकांची नोंद कशी करावी

शागुतीच्या मसाल्यासाठी कढईत भाजले जाणारे दगडफूल गोव्यातील बहुतेक घरांत असते. ते मुख्यतः हिमालयाच्या उतारांवरील झाडांवरून गोळा होऊन बाजारात येते आणि एकाच पुडीत त्याच्या तीन-चार जाती मिसळलेल्या आढळतात. या जीवांच्या साऱ्या गटाला मराठीत शैवाक असे नाव आहे. अभ्यासक आपापसात बोलताना लायकेन म्हणतात. बुरशी आणि शैवल किंवा नीलहरित जीवाणू यांच्या सहजीवनातून शैवाकाचे शरीर घडते, हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी १८६७ साली मांडले. शैवल अन्न तयार करते, बुरशी निवारा देते आणि ओलावा धरून ठेवते. जातीचे शास्त्रीय नाव मात्र बुरशीचे मानले जाते. भारतात शैवाकांच्या २,५०० हून अधिक जातींची नोंद झालेली आहे.

खोतीगाव अभयारण्यातील नव्या नोंदींसह गोव्याच्या शैवाकांची सुधारित यादी २०१७ साली प्रसिद्ध झाली. राज्यात कोणत्या जाती आहेत, एवढे यादीवरून कळते. परंतु त्या जाती कोणत्या झाडावर, किती उंचीवर, कोणत्या दिशेला, उन्हात की सावलीत वाढतात आणि कोठे अजिबात वाढत नाहीत, हे समजण्यासाठी ठरावीक पद्धतीने केलेल्या नोंदी लागतात, आणि त्या एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी किंवा गावातला निसर्गप्रेमी गटही करू शकतो. त्यासाठी सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करावी : जातीचे नाव दोन वर्षांनी मिळाले तरी चालते, जागेची नोंद मात्र त्याच दिवशी, त्याच झाडाखाली उभे राहून व्हावी लागते.

काय शोधायचे

शैवाकांचे ढोबळ मानाने तीन प्रकार पडतात. खपलीसारखे शैवाक सालीला किंवा दगडाला इतके चिकटलेले असतात की ते सालीसकटच काढावे लागतात. पानासारख्यांना पाळ्या असतात आणि त्यांचा खालचा पृष्ठभाग वेगळा दिसतो. झुडपासारखे एका बिंदूला धरून उभे राहतात किंवा लोंबतात. थंड प्रदेशातील छायाचित्रे पाहून रानात गेलेला नवखा माणूस लोंबत्या दाढ्या शोधतो आणि निराश होऊन परततो. गोव्याच्या सखल भागातील जंगलात खपलीसारख्या शैवाकांचेच राज्य असते. गुळगुळीत सालीवर पांढरट डाग आणि त्या डागावर मोडीत घाईने लिहिल्यासारख्या काळ्या रेघा दिसल्या, तर ते ग्राफिस किंवा त्याच्या कुळातील काही असण्याची शक्यता फार मोठी. सावलीतल्या खोडावर हळद उधळल्यासारखी पिवळीधमक भुकटी बसलेली असेल, तर ते बहुधा क्रायसोथ्रिक्स. माड आणि आंब्याच्या खोडावर राखाडी, गोल, घट्ट बसलेल्या पाळ्यांची वर्तुळे दिसतात. त्यांत पिक्सिन आणि डिरिनेरिया या प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचे गट, नेहमीच्या असतात. पिक्सिन कोकोज या जातीच्या नावातच नारळाचे नाव आहे.

फसगत करणाऱ्या गोष्टीही ठाऊक असाव्यात. पावसाळ्यात भिंतींवर आणि खोडांवर जी नारिंगी लव पसरते, ते ट्रेंटेपोलिया नावाचे मुक्त शैवल असते. गंमत अशी की उष्ण कटिबंधातील कितीतरी खपलीसारख्या शैवाकांमध्ये बुरशीचा जोडीदार हेच शैवल असते. नाण्याचे झाड आपली साल पातळ ढलप्यांनी टाकते आणि त्याचे फिकट खोड लांबून शैवाकांनी मढवल्यासारखे दिसते, प्रत्यक्षात त्यावर फारसे काही टिकलेले नसते. शंका आली तर डागाचा कोपरा नखाने हलकेच खरवडावा. शैवाक असेल तर वरच्या थराखाली हिरवा किंवा पिवळट-नारिंगी थर दिसतो. नुसत्या बुरशीच्या डागात तो नसतो. या एका खरवडीने पहिल्या दिवसाचा निम्मा गोंधळ मिटतो.

परवानगी आणि गावाचा मान

मोले, खोतीगाव, नेत्रावळी, म्हादई आणि बोंडला ही संरक्षित क्षेत्रे आहेत. तेथे अभ्यासासाठी जाण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि नमुने काढायचे असतील तर अर्जात ते स्पष्ट लिहावे लागते. अर्जासोबत जागांचा नकाशा, नमुन्यांचा अंदाजे आकार आणि ते शेवटी कोठे ठेवले जाणार हे जोडावे. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून डिसेंबरच्या कामासाठी पावसाळा संपायच्या आतच कागद हलवावेत.

देवराईचे नियम कागदावर नसतात, म्हणून ते अधिक काळजीने पाळावे लागतात. सत्तरीत बांबर येथील निरंकाराच्या राईसारख्या ठिकाणी, जेथे जंगली जायफळाची दलदल टिकून आहे, आधी गावकारांना भेटावे, काय करणार ते सांगावे, आणि देवाला गाऱ्हाणे घालण्याची रीत असेल तर ती पार पडेपर्यंत थांबावे. राईत पाने-फांद्याही तोडू देत नाहीत, तेव्हा तेथे छायाचित्रे आणि पुढे सांगितलेल्या जाळीवरची नोंद यांवरच काम भागवावे. कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्यावर कोरलेली प्राचीन चित्रे आहेत. असे दगड, तसेच देवळांच्या दीपमाळा आणि किल्ल्यांच्या भिंती यांवर कितीही सुंदर शैवाक दिसले तरी त्यांना छिन्नी लावू नये.

हंगाम

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. पावसाळ्यात साल शेवाळाने आणि हिरव्या थराने झाकलेली असते, ओल्या शैवाकाचा रंग बदलतो आणि कागद भिजतो. तरीही ऑगस्टमध्ये एक फेरी नुसती पाहण्यासाठी जरूर मारावी, कारण लेप्टोजियमसारखे नीलहरित जोडीदार असलेले शैवाक तेव्हा फुगून जेलीसारखे होतात आणि सहज नजरेत भरतात. उन्हाळ्यात तेच काळपट, चुरगळलेल्या कागदासारखे होऊन दिसेनासे होतात. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाच्या नोंदी आहेत आणि तो पसरवणाऱ्या गोचिडी कोरड्या महिन्यांतच अधिक असतात. म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे, मोज्यांत खोचलेली विजार आणि अंगाला कीटकरोधक तेल हवे. माकडे मरून पडल्याची बातमी असलेल्या भागात जाऊच नये.

जागा निवडणे

वितरणाचा अभ्यास म्हणजे तुलना, आणि तुलनेसाठी अधिवास आधी कागदावर वेगळे करावे लागतात. गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा लहान प्रदेश असला तरी समुद्रपातळीपासून सोसोगडाच्या हजार मीटरपर्यंतचा चढ, सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस आणि माणसाने शतकानुशतके लावलेली झाडे यांमुळे येथे अधिवासांची विविधता मोठी आहे. किनाऱ्यावरील खडक आणि खारफुटी, जांभ्याचे सडे, माड-पोफळींची कुळागरे, काजूच्या बागा, ऐन-किंदळ-नाणा-जांभा यांचे पानझडी रान, ओहोळाकाठचे निमसदाहरित रान आणि चोर्ला-सुर्ला भागातील घाटमाथा, अशी विभागणी पुरेशी आहे. पहिल्या वर्षी सातही घेण्याचा मोह टाळावा. तीन अधिवास घेऊन प्रत्येकात तीन-तीन भूखंड आखले तर एका माणसाला हंगामभर पुरेल एवढे काम होते.

येथे नोंदवहीतल्या एका खोडीची आठवण करून देतो. जांभा हा दगडही आहे आणि झाडही. ‘जांभ्यावर, उत्तर बाजू’ एवढेच मी एका पाकिटावर लिहून ठेवले होते, आणि घरी आल्यावर तो नमुना खडकाचा की खोडाचा हे त्याला चिकटलेल्या सालीच्या कणांवरून शोधावे लागले. तेव्हापासून ‘जांभा दगड’ आणि ‘जांभा झाड’ असे दोन पूर्ण शब्द लिहितो.

भूखंड २० मीटर गुणिले २० मीटरचा घ्यावा आणि दोरीने आखावा. रस्त्यापासून किमान ५० मीटर आत जावे, कारण रस्त्याकडेला ऊन आणि धूळ दोन्ही वेगळी असतात. खनिज वाहतुकीच्या जुन्या रस्त्यांच्या कडेला तर सालीवर लाल धुळीचा थरच बसलेला असतो. रस्त्याच्या परिणामाचाच अभ्यास करायचा असेल तर गोष्ट निराळी, पण मग तो प्रश्न स्वतंत्रपणे मांडावा. भूखंडाचा कोपरा जीपीएसवर घ्यावा, उंची आणि उताराची दिशा लिहावी, आणि माथ्यावर फोन सरळ वर धरून झाडोऱ्याच्या छताचे एक छायाचित्र घ्यावे. आत किती प्रकाश पोचतो याचा तो स्वस्त पण चांगला पुरावा असतो.

झाडावरची जाळी

भूखंडातील ज्या झाडांचा छातीच्या उंचीवरचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त आहे, त्यांना क्रमांक देऊन चिठ्ठ्या टाकून दहा झाडे निवडावीत. चिठ्ठ्यांचा आग्रह अशासाठी की मोकळे सोडले तर माणसाचा पाय आपोआप सर्वांत सजलेल्या झाडाकडे वळतो. फार कललेली, मोठ्या जखमा असलेली किंवा वेलींनी पूर्ण झाकलेली झाडे वगळावीत, मात्र वगळली असे लिहावे.

युरोपात २०१४ पासून प्रमाण मानलेली पद्धत येथे थोड्या फरकाने वापरता येते. दहा सेंटिमीटर रुंद आणि पन्नास सेंटिमीटर उंच अशी उभी शिडी, जिच्यात १० गुणिले १० सेंटिमीटरचे पाच चौकोन असतात, खोडावर जमिनीपासून एक मीटर उंचीवरून वर लावायची. उत्तर, पूर्व, दक्षिण आणि पश्चिम अशा चार बाजूंनी ती लावली की एका झाडावर वीस चौकोन होतात. बांबूच्या कामट्या आणि नायलॉनचा दोरा यांनी ही शिडी घरी बनते. पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यावर पक्क्या शाईने आखलेली जाळी खोडाच्या गोलाईवर आणखी चांगली बसते. प्रत्येक चौकोनात भिंगातून पाहून कोणकोणते शैवाक आहेत ते लिहायचे. एखादी जात वीसपैकी किती चौकोनांत आली, तो आकडा म्हणजे त्या झाडावरची तिची वारंवारता. दहा पट मोठे दाखवणारे भिंग पुरते, पण वीस पटीचे जवळ असेल तर ग्राफिसच्या रेघांवरचा पांढरट मुलामा त्याच ठिकाणी दिसतो.

नाव माहीत नसेल तर थांबू नये. ‘राखाडी, काळ्या आखूड रेघा, कड पांढरी’ असे वर्णन करून त्याला ‘ख-७’ असा संकेत द्यावा, छायाचित्र घ्यावे, एक नमुना त्याच संकेताने पाकिटात टाकावा, आणि पुढे तसेच दिसणाऱ्या प्रत्येक ठिकाणी तोच संकेत वापरावा. शंका असेल तर एकत्र करण्यापेक्षा वेगळा संकेत देणे बरे. दोन संकेत पुढे जोडता येतात, पण दोन जाती एका संकेताखाली मिसळल्या तर त्या वेगळ्या करण्यासाठी पुन्हा रानात जावे लागते. आणि ज्या चौकोनात काहीच नाही तेथे शून्य लिहावे, जागा कोरी सोडू नये; कोऱ्या जागेचा अर्थ ‘पाहिले नाही’ असाही होतो, आणि शून्याशिवाय वितरणाचा नकाशा उभा राहत नाही.

झाडाच्या नोंदीत जात, घेर, साल गुळगुळीत की भेगाळ, सोलणारी की टिकणारी, आणि खोडावर ऊन किती वेळ येते एवढे हवेच. सोलणाऱ्या सालीवर शैवाकांना वाढायला पुरेसा काळ मिळत नाही. गुळगुळीत टिकाऊ सालीवर खपलीसारखे शैवाक दाट वसतात. उजेडातल्या भेगाळ सालीवर पानासारख्यांची संख्या वाढते. हा क्रम आपल्या भूखंडात खरा ठरतो का, हे तपासणे हाच पहिल्या वर्षाचा चांगला प्रश्न होऊ शकतो.

जाळी फक्त खोडाचा खालचा भाग पाहते, हा या पद्धतीचा मोठा उणेपणा आहे. उंच रानात प्रकाश छतावर असतो आणि पानासारखे व झुडपासारखे शैवाक तेथेच राहतात. झाडावर चढण्याची साधने नसतील तर वादळवाऱ्याने नुकत्याच पडलेल्या, पाने अजून हिरवी असलेल्या फांद्या तपासाव्यात. जुनी पडलेली फांदी घेऊ नये, कारण जमिनीवर आल्यावर तिच्यावरचे शैवाक लवकर कुजतात आणि यादी खोटी होते. या नोंदी जाळीच्या आकड्यांत न मिसळता वेगळ्या पानावर ठेवाव्यात.

ओहोळाकाठच्या दमट सदाहरित भागात जिवंत पानांवरही शैवाक वाढतात. खालच्या थरातील दहा रोपे निवडून प्रत्येकाचे सर्वांत जुने पान पाहावे; स्ट्रिग्युला आणि पोरिना या प्रजाती तेथे अपेक्षित असतात. स्ट्रिग्युलामधले सेफाल्युरोस हे शैवल एकटे असताना आंबा आणि पेरूच्या पानांवर तांबूस ठिपक्यांचा रोग करते, म्हणून प्रत्येक तांबूस ठिपका शैवाकाच्या खात्यात घालू नये. ही पाने वर्तमानपत्रात दाबून सुकवायची असतात.

नमुना काढणे आणि सुकवणे

धारदार सुरीने सालीचा फक्त वरचा मृत थर, दोन-तीन सेंटिमीटरचा, शैवाकाची कड आणि मधला भाग दोन्ही येतील असा काढावा. खालच्या जिवंत, ओल्या थरापर्यंत सुरी जाऊ देऊ नये. दिसणाऱ्या शैवाकांपैकी थोडाच भाग घ्यावा. एखादी जात एकाच ठिकाणी दिसली तर ती तेथेच सोडून छायाचित्रावर समाधान मानावे. दगडासाठी छिन्नी-हातोडा लागतो आणि डोळ्यांवर चष्मा. काणकोणातील ग्रॅनाइटची कड छिन्नीने नीट ढलपी होऊन निघते, सड्यावरच्या जांभ्याचा मात्र बहुधा भुगा होतो, म्हणून सड्यावर छायाचित्रच बरे.

नमुना कागदाच्या घडी घातलेल्या पाकिटात ठेवावा, प्लास्टिकच्या पिशवीत नव्हे. गोव्याच्या हवेत प्लास्टिकमध्ये दोन दिवस राहिलेल्या नमुन्यावर दुसरीच बुरशी उगवते. माझे पहिल्या हंगामातले अर्धे नमुने असेच गेले. पाकिटावर पेन्सिलने क्रमांक, तारीख, ठिकाण, भूखंड, झाड, दिशा, जमिनीपासून उंची आणि संकेत लिहावा. घरी आल्यावर सावलीत, पंख्याखाली आठवडाभर सुकवावे. नंतर किडे मारण्यासाठी हवाबंद डब्यात घालून शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात तीन-चार दिवस ठेवावे, आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर दव बसते. शेवटी डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवावी.

ओळख

ओळख पटवण्याची पहिली पायरी रासायनिक ठिपक्यांची आहे. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे दहा टक्के द्रावण म्हणजे के चाचणी, आणि ताजे ब्लीच म्हणजे सी चाचणी. काचेच्या बारीक नळीने शैवाकाच्या वरच्या पृष्ठभागावर आणि पाते घेऊन उघडलेल्या आतील पांढऱ्या गाभ्यावर वेगवेगळा थेंब टाकून रंग पाहतात. पार्मोट्रेमा टिंक्टोरम या जातीचा पृष्ठभाग के ने पिवळा होतो आणि गाभा सी ने लाल. ब्लीचची ताकद काही दिवसांत उतरते आणि उतरलेले ब्लीच सगळ्यांनाच ‘रंग नाही’ असे सांगते. त्यावर स्वयंपाकघरातला उपाय असा की मसाल्याच्या दगडफुलातले तुकडे तपासावेत. ज्या तुकड्याचा गाभा ताज्या ब्लीचने लाल झाला तो जपून ठेवून दर वेळी आधी त्याच्यावर चाचणी करावी. तिसरी, पी चाचणी, पॅरा-फिनिलिनडायअमिनने होते. ते विषारी असल्याने प्रयोगशाळेबाहेर करू नये.

अतिनील टॉर्चही उपयोगी पडते. पिक्सिन कोकोजमध्ये लायकेक्झँथोन हे द्रव्य असते आणि अंधारात अतिनील प्रकाशाखाली ते पिवळे चमकते. टॉर्च ३६५ नॅनोमीटरची घ्यावी. स्वस्त ३९५ नॅनोमीटरच्या टॉर्चमधून इतका जांभळा उजेड येतो की चमक नीट कळत नाही.

ग्राफिसच्या कुळासाठी सूक्ष्मदर्शकाला पर्याय नाही. रेघेचा पात्याने काढलेला पातळ आडवा छेद पाण्यात ठेवून बीजाणू रंगहीन की तपकिरी, त्यांत नुसते आडवे पडदे की विटांच्या भिंतीसारखे उभे-आडवे पडदे, हे पाहावे आणि नंतर आयोडीनचा थेंब द्यावा. शैवाकांचे अभ्यासक धरणीधर अवस्थी यांनी भारतीय शैवाकांसाठी केलेल्या ओळखकिल्ल्या (एकेक लक्षण तपासत नावापर्यंत नेणाऱ्या मांडण्या), पानासारख्यांसाठी १९८८ ची आणि खपलीसारख्यांसाठी १९९१ ची, आजही हाताशी लागतात. मात्र त्यानंतर या कुळातील प्रजातींची मांडणी बीजाणूंच्या पडद्यांऐवजी रेघेच्या भिंतीच्या रचनेवर अधिक झाली आहे, त्यामुळे किल्लीतून मिळालेले नाव आजचे आहे का ते पडताळून घ्यावे. खपलीसारख्या नमुन्यांपैकी काही ‘ख-७’ याच नावाने राहतील. त्यात कमीपणा नाही.

आकडे मांडणे

एका ओळीत एक झाड आणि एका स्तंभात एक जात किंवा संकेत असा तक्ता करावा. दोन अधिवासांतील साम्य काढण्यासाठी दोन्हीकडे सापडलेल्या जातींची दुप्पट करून दोन्ही अधिवासांच्या एकूण जातींच्या बेरजेने भागतात. समजा कुळागरात १८ जाती, निमसदाहरित रानात २४ आणि दोहोंत समान ९, तर ९ ची दुप्पट १८ भागिले ४२, म्हणजे ०.४३. काम पुरेसे झाले का हे पाहण्यासाठी झाडांची संख्या आडवी आणि तोपर्यंत सापडलेल्या जाती उभ्या घेऊन आलेख काढावा. तिसाव्या झाडालाही रेघ चढतीच असेल, तर भूखंड वाढवावेत आणि जातींचा एकूण आकडा छापण्याची घाई करू नये. विविधतेचे निर्देशांक त्यानंतर.

नमुन्यांची दुसरी जोडी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील आजरेकर कवक संग्रहालय किंवा लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील शैवाक संग्रह यांना आधी पत्र लिहून, परवान्याची प्रत जोडून पाठवावी. भूखंडातील दहा झाडांवर क्रमांकाच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या सैल दोऱ्याने बांधाव्यात, खिळे मारू नयेत. खपलीसारखा शैवाक वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर सरकतो, म्हणून शिडीच्या चारही बाजूंची छायाचित्रे शेजारी मोजपट्टी धरून घ्यावीत आणि पुढच्या फेरीची तारीख पाच वर्षांनंतरच्या डिसेंबरातली लिहून ठेवावी.